तापीच्या घाटावरची ढोरांची नाव

मित्रांनो, दोंडाईच्याच्या बाजाराकडे जाणारी एक वाट तापीच्या घाटावरून चढते. त्या घाटाच्या कडेला बाभळीखाली मी पालथी पडलेली असते. मी एक जुनी नाव आहे. पण नवरदेवाला आणि वऱ्हाडाला पैलतीरी नेणारी नव्हे. मी ढोरांची नाव. गाई, बैल, म्हशी यांना नदीपार नेण्यात माझा जन्म गेला. ढोरांचा मला कधी कंटाळा आला नाही. शिसारी आली ती माणसांची. ती का आली, ते सांगते. ऐकताना तुम्हांला बरे वाटणार नाही. मला सांगतानाही वाटत नाही.

दिल्लीत बादशहाचा दरबार भरला, त्या वर्षी चांद मिस्त्रींनी मला घडवले. सातपुड्यातला साग होता. मिस्त्री हाताचे मोठे कसबी. त्यांनी माझे पोट रुंद आणि सपाट ठेवले, म्हणजे ढोरांना नीट उभे राहता यावे. फळ्या तर इतक्या रंधल्या की हात फिरवला तर कुसळ लागू नये. लोक येऊन माझ्यावर हात फिरवत आणि म्हणत, "काय गुळगुळीत केली आहे हो!" मीही फुलून जाई. गुळगुळीत फळीवर खूर टिकत नाही, हे त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आले नाही. हात फिरवणारी सगळी माणसेच होती.

घाटाचा ठेका रतिलाल शेठकडे होता. नाव चालवायला हिलाल नावाचा नावाडी होता. तो काटक, कमी बोलणारा, पाण्याकडे बघत राहणारा माणूस. आणि ढोरे चढवायला होता पुना.

पुनाचे खांदे दाराएवढे आणि गळा ढोलासारखा. त्याच्या काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला असे. त्याच्याबरोबर काबऱ्या नावाचा ठिपकेदार कुत्रा असे. ढोरांच्या मागच्या पायांचा चावा घ्यायला पुनाने त्याला शिकवले होते. पहिल्या दिवशी पहिला बैल माझ्या फळीशी आला. त्याने मान खाली घातली, फळीचा वास घेतला आणि तो थबकला. त्याला एवढेच बघायचे होते की ही नवी वस्तू काय आहे. मी मनात म्हटले, बघ बाबा, सावकाश बघ. तेवढ्यात मागून खिळा टोचला. कुत्रा चावला. पुनाने बैलाची शेपटी धरून पिरगाळली, तेव्हा बारीकसा कडकन आवाज झाला. बैल एका उडीत माझ्यात आला, घसरला, गुडघ्यावर आपटला आणि तिथेच हगला.

मित्रांनो, शेणाची मला किळस नाही. शांत ढोराचे शेण घट्ट असते, त्याला चाऱ्याचा वास असतो. ते उचलले की जागा साफ होते. भ्यालेल्या ढोराचे तसे नसते. ते पातळ, हिरवट, पाण्यासारखे असते. ते पायांवरून ओघळते, फळ्यांच्या फटींत जाते आणि त्याचा आंबूस वास कितीही पाणी मारले तरी निघत नाही. त्या दिवसापासून तो वास माझ्या अंगाला लागला. पुढच्या खेपेचे ढोर फळीशी येई, तो वास घेई आणि आधीच थरथरू लागे. मग पुना म्हणे, "दखा, कशी अडेल जात शे!" आणि पुन्हा खिळा.

एखादी म्हैस फारच अडली तर पुना कमरेच्या पिशवीतून तिखट काढी आणि तिच्या डोळ्यांना चोळी. भोवती उभी माणसे हसत. तमाखूच्या पिचकाऱ्या माझ्याच कडेवर टाकत. सगळे एकाच वेळी बोलत: हाण, ओढ, सोड, धर. दहा तोंडे, दहा हुकूम. आणि मधोमध मुके जनावर, कोणाचे ऐकावे ते न कळणारे. वर रतिलाल शेठ छत्री धरून ओरडत, "चढाव, चढाव, जल्दी! बाजार उठून जाईल!"

हिलाल कधीतरी म्हणे, "पुना, नावमा आरडू नको रे. ढोर हालस, नाव हालस."

पुना हसून उत्तर देई, "हिलाल, ढोरले लाकूडच समजस."

आणि लोक पुनाची वाहवा करत. पुना घाटावर असला की ढोर चढलेच म्हणून समजा, असे पंचक्रोशीत म्हणत. माझीही वाहवा होई: केवढी मजबूत नाव, एवढ्या धिंगाण्यात कुरकुरत नाही! मित्रांनो, त्या कौतुकाची मला शिसारी येई.

अशी पुष्कळ वर्षे गेली. पहिले महायुद्ध झाले आणि संपले, तापाची साथ येऊन गेली. पण घाटावरचा आरडाओरडा तसाच राहिला.

मग भिकुबाईचा दिवस आला. भिकुबाई ही आमच्याच गावची शेतकरीण. नवरा गेल्यावर शेती तिनेच धरून ठेवली होती. तिचे एक रान नदीपलीकडे होते. एरवी नदी उतरली की ती बैल घेऊन पायीच पलीकडे जाई. पण त्या साली पाऊस लांबला, तापी उतरेना आणि पलीकडे पेरणीचा वाफसा तर आलेला. म्हणून ती आपली जोडी घेऊन घाटावर आली. बैलांची नावे लाल्या आणि मोरा. बैल तिच्या मागे असे चालत होते की कासरा जमिनीला टेकत होता. ओढायची गरजच नव्हती.

त्या दिवशी बाजारची ढोरेही होती आणि शेठना सगळी एकाच खेपेत हवी होती. पुनाने बाजारच्या ढोरांना आत कोंबून गळ्याशी गळा बांधले होते, म्हणजे कोणी हलू नये. भिकुबाईने त्याला अडवले.

"पुना, मना बैलसले हात लावू नको. मी पुढे चालस, त्या मांगे येतीन."

"अक्का, तुमी बाजूले व्हा. अठे दिवसभर थांबाले येळ नई."

ती माझ्या फळीवर पाय ठेवतच होती. लाल्या तिच्या मागे आला, मोराही आला. दोघे आत उभेही राहिले. मी इतकी वर्षे वाट पाहत होते ती गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडत होती. पण पुनाला ते खपले नाही. त्याच्याशिवाय ढोर चढले होते ना! त्याने त्या दोघांच्याही गळ्यांत इतरांचे दावे अडकवले आणि काबऱ्याला चुचकारून माझ्या कडेवर घेतले. आम्ही काठ सोडला, प्रवाहाला लागलो आणि कुत्रा कडेवरून उडी मारून ढोरांच्या पायांत शिरला.

पुढचे मला नीट सांगता येत नाही. एका बैलाने लाथ झाडली. सगळी ढोरे कुत्र्यापासून दूर, एका बाजूला सरली. गुळगुळीत फळ्यांवर खूर घसरले. माझी कड पाण्याखाली गेली आणि मी कलंडले. हिलालने भिकुबाईला हाताला धरून ओढले. पुना पोहत सुटला, कुत्राही सुटला. पण ढोरे पोहू शकली नाहीत. बैलाला पोहता येते, मित्रांनो, चांगले येते. गळ्याशी गळा बांधलेल्या बैलाला येत नाही. एक बुडाला की दुसऱ्याला खाली ओढतो. मोराचे दावे कसे कोण जाणे तुटले आणि तो काठाला लागला. लाल्या गेला. त्याच्याबरोबर बाजारची आणखी किती गेली, ते त्यांच्या धन्यांना ठाऊक.

भिकुबाई काठावर ओल्या लुगड्यात उभी होती. ती रडली नाही. मोराच्या मानेवर हात ठेवून ती नदीकडे बघत राहिली. मोरा मात्र हंबरत होता. एकसारखा.

आता ऐका. त्या संध्याकाळी गाव जमले आणि दोष कोणाला दिला? कोणी म्हणाले नदी खवळली होती. कोणी म्हणाले बैल मारका होता. शेवटी सगळ्यांचे एकमत झाले की नावच अपशकुनी आहे. पुनाच सर्वांत मोठ्याने म्हणाला. खिळ्याचे, तिखटाचे, दाव्याचे नाव कोणी घेतले नाही. मला बांबू घालून वर ओढले आणि उन्हात टाकून दिले. माझ्यात पोरे घाण करू लागली. फळ्या तडकल्या. त्या दिवसांत माझे मन इतके विटले होते की बाभळीची शेंग अंगावर पडली तरी मला ती माणसानेच फेकली असे वाटे.

शेठनी माणसांपुरती लहान होडी आणली. ढोरांना पोहतच पलीकडे जावे लागे. त्यात गाभण गाई दमत, वासरे वाहून जात. पलीकडे रान असलेल्या सगळ्यांचीच अडचण झाली, पण अपशकुनी नावेला हात कोण लावणार?

हात लावला भिकुबाईने. एका सकाळी ती हिलालला घेऊन माझ्याशी आली.

"हिलाल, नाव काढ."

"अक्का, गाव काय म्हनीन? नाव अपशकुनी शे."

"त्या दिन नाव आरडनी व्हती का?"

हिलालने माझ्या तडांवरून बोट फिरवले. मग त्याने माझ्या तडांत काथ्या आणि राळ भरायला घेतली. भिकुबाईने माझ्या फळ्यांवर मातीत कालवलेले तणस पसरले, म्हणजे खूर धरेल आणि आवाज होणार नाही. दोन्ही कडांना तिने तुरखाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तट्टे बांधले, म्हणजे पाण्याची चमक ढोरांच्या डोळ्यांवर येऊ नये. माझा जुना आंबूस वास जावा म्हणून कडुलिंबाचा पाला जाळून धूर दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे ढोराच्या डोळ्यांनी पाहिले होते.

पण बांबू रेटायला हिलालला एक दणकट जोडीदार हवा होता. गावात तसा एकच होता. पुना बोलावल्यावर आला, पण मान वर करीना. भिकुबाई त्याला म्हणाली,

"तुना हात माले पाह्यजेत, पुना. तोंड नको."

मित्रांनो, ढोराला शांत करणे सोपे असते. माणसाला गप्प करणे किती अवघड, ते मी पाहिले. पुना काठीशिवाय उभा राहिला की त्याला हातांचे काय करावे ते कळेना. 'हाऽ' असा शब्द त्याच्या ओठांपर्यंत येई. शेवटी त्याने फडक्याचा बोळा करून तोंडात कोंबला. घाटावरचे लोक खो खो हसले. भिकुबाई हसली नाही. ती आपली म्हातारी गाय पुढे घेऊन चालू लागली. गाय थबकली की तीही थबके. ओढत नसे, वळून डोळ्यांत बघतही नसे. नुसती उभी राही. हिलाल हलक्या आवाजात म्हणे, "थांबा. ते इचार करी राह्यनं." आणि खरोखर, थोड्या वेळाने गाय एक सुस्कारा टाकी आणि पाय पुढे ठेवी. तिच्या मागे बाकीची येत.

कुत्र्याला हाकलून द्यावे असे हिलालचे म्हणणे होते. भिकुबाईने नको म्हटले. तिने पुनाला सांगितले, त्याला लांब, वर त्या दगडाशी बसव. तिथून तो उठता कामा नये. भाकरीचे तुकडे टाकून टाकून पुनाने काबऱ्याला बसायला शिकवले. आणि गंमत पाहा. कुत्रा लांब शांत बसलेला दिसला, की ढोरे त्याच्याकडे बघत बघत सावकाश दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे सरकत. ना भुंकणे, ना चावा. ज्या कुत्र्याने मला बुडवले होते, तोच आता नुसता बसून माझी खेप भरत होता.

माझ्या फळ्यांवर घट्ट शेण पडू लागले. हिलाल ते उचलून कडेला ठेवी आणि गावातल्या बाया गोवऱ्यांसाठी नेत. मला वाटू लागले की आता माझा विटलेला जीव निवेल.

तसे व्हायचे नव्हते.

पुढे एका श्रावणात भिकुबाई लेकीच्या बाळंतपणासाठी असोद्याला गेली होती. जाताना तिने आपली ढोरे गुराखी निंब्याच्या हवाली केली. त्यांत तिच्या म्हाताऱ्या गाईची कालवड होती, तांबडी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. नदीच्या मधोमध गाळाचे एक बेट आहे, त्यावर गवत मातते. निंब्याने सारा कळप तिथे चरायला नेला होता. दुपारी वर कुठेतरी पाऊस कोसळला आणि तापी चढू लागली. आधी गढूळ फेस आला, मग ओंडके आले, आणि बेट कडेकडेने खचू लागले. निंबा तिथून हात हलवत ओरडत होता, "पुनाभाऊ, पानी उनं! पानी उनं!"

काठावर अख्खे गाव लोटले. हिलाल आणि पुना यांनी मला पाण्यात लोटले. मागून शेकडो आवाज येत होते: "मार त्यास्ले! काठी लेई जा! एकदम चढाव बठ्ठा, सगळा कळप!" कोणी पुनाच्या हातात काठी दिली. पुनाने ती पाण्यात टाकून दिली. बेटाच्या जवळच्या बाजूला लागणे सोपे होते. पण तिथे गावाचा गोंगाट थेट कानांवर येत होता आणि कळप भेदरून उलटा पळत होता. पुनाने हिलालला हाताने खूण केली. दोघांनी मला बेटाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला, झाडीच्या आड नेले. त्यात वेळ गेला. काठावरून लोक पुनाला शिव्या देत होते. भ्याला, पळाला, असे म्हणत होते.

झाडीच्या आड शांत होते. पुना उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या तोंडात बोळा नव्हता. निंबा बोलू लागला तर त्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हातारी गाय मान वर करून त्याच्याकडे बघत होती. पुना पाठमोरा झाला आणि माझ्याकडे चालत आला, भिकुबाई चालायची तसा. पाणी चढत होते. त्याने वळून पाहिले नाही. मला वाटले, आता हा ओरडेल. आता ओरडेल. कोणीही ओरडले असते. मग तणसावर खुराचा मऊ आवाज आला. गाय आत आली. तिच्या मागे कालवड आली. तिच्या मागे सगळी.

तशा खेपा झाल्या. दरवेळी आम्ही वाहत खाली जाऊन, गावापासून दूर, मसणवटीच्या उतारावर ढोरे उतरवली. म्हातारी गाय दर खेपेला पुढे हवी म्हणून ती आणि तिच्यामागे राहणारी कालवड माझ्यातच राहिल्या. शेवटच्या खेपेला बेट दिसेनासे झाले होते. निंबा माझी कड धरून पाण्यातूनच आत आला. एकही ढोर मागे राहिले नाही.

आणि मग गावाला कळले की आम्ही कुठे उतरतो.

आम्ही उताराला लागलो तेव्हा सगळे तिथे धावत आले होते. डफ आणला होता. शेठनी हार आणवला होता. कोणी थाळ्या बडवत होते. "पुनाभाऊचा जय!" अशी आरोळी उठली आणि माणसांची लाट माझ्या फळीवर आली. पुनाने दोन्ही हात वर केले, नको नको म्हणून डोके हलवले. लोकांना वाटले तो नाचतो आहे. त्यांनी आणखी जोरात डफ वाजवला. गाई बिथरल्या. तांबडी कालवड मागे वळली, तट्ट्यावरून तिने उडी घेतली आणि ती पुरात पडली.

तिचा टिळा एकदा दिसला. पुन्हा दिसला नाही.

डफ वाजवणाऱ्याला तर ते कळलेही नाही. पुनाच्या गळ्यात हार पडला. तो माझ्या कडेला वाकला आणि ओकला. लोक म्हणाले, दमला बिचारा. एकाने मागे राहिलेल्या म्हाताऱ्या गाईला, ती आडवी येते म्हणून, थाळीच हाणली. मित्रांनो, तुम्हांला मी शपथेवर सांगते, पुराच्या त्या गढूळ, मढी वाहून आणणाऱ्या पाण्याची मला त्या दिवशी किळस वाटली नाही. काठाची वाटली.

भिकुबाई परत आली, तेव्हा पूर ओसरला होता. ती घरी न जाता आधी घाटावर आली. पुना माझ्यात बसून गाळ खरवडत होता. तिला पाहून तो उठला. 

"अक्का," तो म्हणाला, "मी आरडनू नई."

"माले ठाऊक शे, भाऊ," ती म्हणाली. तिने त्याला भाऊ म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मग तिने विचारले, "मंग कोन आरडनं?"

पुनाने खरवडलेला गाळ पाण्यात टाकला.

"बठ्ठा," तो म्हणाला. "बठ्ठा गाव."

ती माझ्या कडेवर बसली, आणि लाल्या गेला तेव्हा न आलेले पाणी तिच्या डोळ्यांतून आले. पुना शेजारी उभा राहिला. 

त्यानंतर काही वर्षे आम्ही काम केले. मग हिलाल वारला, माझे बूड कुजले आणि शेठच्या मुलाने खालच्या वळणावर नवा घाट केला. तिथे नवी नाव आहे. तिच्या फळ्या रंधून गुळगुळीत केल्या आहेत असे ऐकते. बाजारच्या दिवशी तिकडून वारा आला की मला सगळे ऐकू येते: हाण, ओढ, चढाव, जल्दी. लोक म्हणतात आता स्वराज्य येणार, सगळे बदलणार. मी कान देऊन ऐकते. त्या आवाजात अजून तरी फरक पडलेला नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हांला सांगते. तुमच्या गोठ्यातले ढोर पुढे यायला अडले, तर काठी शोधू नका. ते कशाला बिचकले ते आधी बघा. वाटेत पडलेली दोरी असेल, पाण्याची चमक असेल, किंवा तुम्हीच वाट अडवून उभे असाल. बाजूला सरा. कुत्र्याला लांब बसवा. तोंड मिटा आणि त्याला विचार करू द्या. आणि ते सुखरूप पलीकडे पोहोचले, की टाळ्या वाजवू नका. त्याच्यापुढे मूठभर चारा टाका आणि हळूच निघून जा.